‘बेफिकीर’ गटाची यादी देण्याआधी

वाचकाचं पत्र:

“मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलंय आणि बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आरोग्य खात्यात कंत्राटी डेटाच्या कामावर आहे. रक्तदाबाच्या रुग्णांच्या दोन वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आल्या. रुग्णाची नोंदणी झाली तो पहिला महिना धरून प्रत्येक महिन्याला ‘आला’ म्हणजे १ आणि ‘नाही आला’ म्हणजे ०, असा तक्ता केला. रक्तदाबाचे आकडे वेगळे घेतले. जिथे आकडा नव्हता तिथे आधीच्या भेटीचा आकडा पुढे ओढला. मग आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये के-मीन्स (सारख्या नोंदींचे सांगू तितके गट पाडणारी पद्धत) चालवून चार गट काढले. त्यांना ‘शिस्तबद्ध’, ‘स्थिर’, ‘अधूनमधून येणारे’ आणि ‘बेफिकीर’ अशी नावं दिली. आमच्या साहेबांना ते फार आवडलं. ते म्हणतात, चौथ्या गटाची यादी आशाताईंना द्या, त्यांना घरी जाऊन समज द्यायला सांगू. पण मी दुसऱ्यांदा चालवलं तर काही माणसं या गटातून त्या गटात गेली. मग बरोबर गट कुठले? आणि चारच का, पाच का नकोत? सोबत आलेख जोडला आहे.”

उत्तर:

ताई, आधी एक विनंती. चौथ्या गटाची यादी अजून आशाताईंच्या हातात गेली नसेल तर आठ-दहा दिवस थांबवून धरा. गट चार की पाच, हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवते, कारण त्याच्याआधी एक मोठा प्रश्न वाटेत उभा आहे: कुठले दोन रुग्ण एकमेकांसारखे मानायचे? के-मीन्स याचं उत्तर शोधत नाही. ते तुम्ही तक्ता केला तेव्हाच देऊन टाकलंत.

तुमचा आलेख मी बराच वेळ पाहिला. चौथ्या गटाची रेघ पाचव्या-सहाव्या महिन्यापासून खचत जाते. कुठे ठळक खड्डा नाही, नुसती उतरण. बीड जिल्ह्यातल्या नोंदी आहेत म्हटल्यावर माझ्या मनात लगेच आलं की खड्डा असणार, फक्त तो पसरला गेलाय. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कोणी साताऱ्याकडे, कोणी कर्नाटकात. गाळप संपलं की पाडव्याच्या आगेमागे माणसं घरी येतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण तुमच्या तक्त्याला माहीत नाही, कारण त्याच्यातून दिवाळी आणि पाडवा दोन्ही पुसले गेलेत. तिथे फक्त ‘महिना १, महिना २’ आहे.

एक उदाहरण कागदावर करून पाहा. जूनमध्ये नोंदणी झालेली एक बाई घ्या. ती नोव्हेंबर ते मार्च फडावर होती. जून पहिला महिना धरला तर तिचे ६, ७, ८, ९ आणि १० हे महिने कोरे. दुसरी बाई तिच्याच टोळीतली, तेव्हाच गेली, तेव्हाच आली, पण तिची नोंदणी सप्टेंबरची. तिचे ३, ४, ५, ६ आणि ७ हे महिने कोरे. तिसरी बाई जूनमध्येच नोंदलेली, गावातच राहते, एकही महिना चुकवला नाही. आता पहिल्या वर्षात किती महिने जुळत नाहीत ते मोजा. ० आणि १ च्या तक्त्यात दोन रुग्णांमधलं अंतर ठरतं ते यावरूनच. पहिली आणि दुसरी: ३, ४, ५, ८, ९, १० असे सहा महिने जुळत नाहीत. पहिली आणि तिसरी: पाच महिने. म्हणजे तुमच्या तक्त्याच्या हिशोबानं, एकाच टोळीत एकाच फडावर ऊस तोडणाऱ्या दोन बायका एकमेकींपासून लांब, आणि गावात राहून दर महिन्याला गोळ्या नेणारी त्यातल्या एकीच्या जवळ. हेच खरे महिने घेऊन करा, म्हणजे नोव्हेंबरला नोव्हेंबर आणि डिसेंबरला डिसेंबर. पहिल्या दोघींच्या खंडातलं अंतर शून्य होतं. त्यांच्या नोंदणीआधीचे महिने तेवढे ‘लागू नाही’ म्हणून बाजूला ठेवा, त्यांना ० देऊ नका.

गणित तेच, माणसं तीच. घड्याळ बदललं की गट बदलले.

नोंदणीपासूनचा महिना मोजणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. औषध सुरू केल्यावर रक्तदाब किती दिवसांत उतरला, डोस कधी वाढवावा लागला, हे पाहायचं असेल तर तेच घड्याळ लागतं. पण रुग्ण दवाखान्यात का येत नाही, हा प्रश्न असेल तर मराठवाड्यात तरी पंचांगाचं घड्याळ हवं. दोन प्रश्नांचा एकच तक्ता करू नका.

कोणी तुम्हाला सांगेल की डायनॅमिक टाइम वॉर्पिंग वापरा, ते मागेपुढे सरकलेल्या आकृत्या आपोआप जुळवून घेतं. इथे ते नको. ते काळ ताणून-आवळून दोन रेघा एकमेकींवर बसवतं, त्यामुळे पावसाळ्यात पडलेला खंड आणि तोडणीत पडलेला खंड त्याला सारखेच दिसतील. आपल्याला नेमका तोच फरक हवा आहे.

अंतर कसं मोजायचं हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेलं अंतर माणसांच्या शरीराच्या मापांवरून गटागटांत किती साम्य आहे हे पाहताना घडलं. एकमेकांशी बांधलेली मापं दोनदा मोजली जाऊ नयेत, ही त्यामागची काळजी होती. परभणीच्या कृषी विद्यापीठात पिकांच्या वाणांवर काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, तो ‘डी-स्क्वेअर’ म्हणून तेच सांगेल. ज्वारीच्या वाणांचे गट पाडताना फुलोरा किती दिवसांनी, दाण्याचं वजन किती, ताटाची उंची किती, हे गुण कुठले घ्यायचे ते पीक ओळखणारा माणूस ठरवतो. संगणकाला हात लावण्याआधी ठरवतो. रुग्णांच्या बाबतीतही हाच क्रम ठेवा.

आता महिन्याच्या चौकटीबद्दल. तुमच्याकडचे पुष्कळ रुग्ण बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येत असणार, कारण त्या दिवशी गाडी मिळते आणि एका खेपेत दोन कामं होतात. समजा मंगळवारचा बाजार आहे. एक आजोबा २८ जानेवारी २०२५ ला आले, मग पुढचे चार मंगळवार जमलं नाही, पाचव्या मंगळवारी आले. ती तारीख ४ मार्च. तुमच्या तक्त्यात त्यांचा फेब्रुवारी कोरा, म्हणजे एक अख्खा महिना चुकवला. खरं पाहता ३० गोळ्या नेल्या असतील तर त्यांच्याकडे फक्त पाच दिवस औषध नव्हतं. उलट बाजूही आहे. एक जण १ जानेवारीला आला आणि नंतर थेट २८ फेब्रुवारीला, तर तक्त्यात दोन्ही महिने भरलेले, आणि औषधाविना महिन्याच्या आसपास काळ गेलेला. म्हणून ‘आला-नाही आला’ सोडा. तारीख आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या तुमच्या नोंदीत असणारच. त्यावरून रोज त्याच्या हाती औषध होतं की नव्हतं हे काढता येतं. शंभरातल्या किती दिवशी औषध हाती होतं हे माप जगभर वापरतात आणि ८० टक्के ही त्याची रूढ रेघ आहे. त्या रेघेला फार चिकटू नका, पण माप चांगलं आहे.

तुमच्या ‘स्थिर’ गटाबद्दल मला जास्त काळजी वाटते. जिथे आकडा नाही तिथे मागचा आकडा पुढे ओढला असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे जी बाई ऑक्टोबरात १३२/८४ घेऊन फडावर गेली, ती मार्चपर्यंत तक्त्यात १३२/८४ च राहिली. पाच महिने एकसारखा रक्तदाब! इतका स्थिर रक्तदाब कोणाचाच नसतो. सलग दोन-तीन महिने दोन्ही आकडे जसेच्या तसे असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यातल्या किती खरोखर मोजलेल्या आहेत ते पाहा. मला वाटतं, तो गट मोठ्या प्रमाणात तुमच्या भरणीनं बनलाय, आणि ‘स्थिर’ व ‘बेफिकीर’ या दोन गटांत कदाचित एकाच वस्तीतली माणसं वाटली गेलीत.

मोजलेल्या आकड्यांचंही थोडं बघा. शेवटचा अंक शून्य असलेले आकडे फार असतील, १४०, १३०, ९०, ८०, तर मोजणारा जवळच्या दहावर नेत होता असं समजा. १४०/९० ही रेघच अशा आकड्यावर आहे, त्यामुळे रेघेच्या अलीकडे-पलीकडे कोण, हे कधीकधी रुग्णापेक्षा मोजणाऱ्या हातावर ठरतं. आणि थंडीत रक्तदाब थोडा चढतो, उन्हाळ्यात उतरतो. फडावरून एप्रिल-मेमध्ये परतलेल्या माणसाचा आकडा ऑक्टोबरपेक्षा कमी दिसला तर त्याचं श्रेय औषधाला देण्याआधी आपल्याकडचा वैशाख आठवा. पहिल्या भेटीत फार चढलेला आकडा दुसऱ्या भेटीत थोडा उतरतोच, औषध घेतलं काय आणि न घेतलं काय. म्हणून पहिल्या मोजणीवरून ‘सुधारलेले’ असा गट कधी पाडू नका.

यादीत आणखी तीन प्रकारची माणसं लपलेली असतील. एक, ज्यांची नोंदणी अलीकडे झाली. चार महिन्यांपूर्वी नोंदलेल्या माणसाचे पुढचे वीस महिने अजून यायचेच आहेत, पण तक्त्यात ते शून्य पडले असतील तर तो ‘सोडून गेलेला’ दिसतो. दोन, दोनदा नोंदलेले. एकदा मुलाच्या मोबाइलवर, एकदा सुनेच्या. एकदा ‘कौसाबाई’, एकदा ‘कौशल्या’. एका नोंदीवर भेटी थांबतात त्याच सुमारास दुसरीवर सुरू होतात. गाव, वय आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव लावून तपासा, बरेच सापडतील. तीन, वारलेले. हे लिहिताना जड जातं, पण उपचार घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दोन वर्षांच्या नोंदींत काही मृत्यू असणारच, आणि ते रजिस्टरला कळलेले नसतील. अशा घरी जाऊन ‘तुम्ही गोळ्या का घेत नाही’ असं आशाताईंनी विचारायचं का? याच कारणासाठी मी यादी थांबवायला सांगितलं.

आता नव्यानं कसं करायचं ते सांगते. प्रत्येक रुग्णाचा आठवडावार पट्टा करा. प्रत्येक आठवड्याला एक स्थिती द्या: औषध हाती आहे, औषध संपलंय, गावाबाहेर असल्याचं माहीत आहे, काहीच माहिती नाही, वारले, आणि अजून नोंदणीच नाही. ‘संपलंय’ आणि ‘माहिती नाही’ यांत फरक करणं हा या कामाचा गाभा आहे. फडावर गेलेली बाई तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा एखाद्या मेडिकलमधून गोळ्या घेतही असेल. तुमचं रजिस्टर तेवढंच सांगतं की ती तुमच्याकडे आली नाही. अशा स्थितींच्या पट्ट्यांची तुलना करायची पद्धत समाजशास्त्रात १९८० च्या दशकात अँड्र्यू अ‍ॅबट यांनी रुजवली. डीएनएच्या साखळ्या जुळवण्याची रीत त्यांनी माणसांच्या आयुष्यक्रमाला लावली. आरमध्ये त्यासाठी ट्रामाइनआर हे पॅकेज आहे, फुकट आहे आणि त्यातले रंगीत पट्टे तुमच्या साहेबांना एका नजरेत समजतील. अंतर हॅमिंगचं घ्या, त्यात त्याच आठवड्याची त्याच आठवड्याशी तुलना करून न जुळणारे आठवडे मोजतात, म्हणजे आठवडे जागचे हलणार नाहीत. अंतरांचा तक्ता तयार झाला की वॉर्डच्या पद्धतीनं (जवळचे गट एकेक करून जोडत जाणारी) किंवा के-मेडॉइड्सनं (के-मीन्सचीच बहीण) गट पाडा. मला के-मेडॉइड्स आवडतं, कारण त्यात प्रत्येक गटाचा प्रतिनिधी हा खरा रुग्ण असतो. त्याची फाइल उघडून वाचता येते.

रक्तदाबाचे आकडे मात्र या पट्ट्यात मिसळू नका. त्यांच्यासाठी नोंदणीपासूनचं घड्याळ आणि खऱ्या मोजलेल्याच भेटी घ्या. डॅनियल नॅगिन यांनी १९९९ मध्ये मांडलेली गटनिहाय मार्गरेषांची पद्धत, म्हणजे काळानुसार सारखे चढउतार असलेल्यांचे गट काढणारी, इथे चालते, तिला सगळ्यांच्या भेटी एकाच तारखेला असाव्या लागत नाहीत, रिकाम्या जागा भराव्या लागत नाहीत. तिची एक अट तेवढी ध्यानात ठेवा: भेट चुकण्याचं कारण न दिसलेल्या रक्तदाबाशी बांधलेलं नसावं. ज्याला चक्कर येते तोच दवाखान्यात येतो आणि ज्याला बरं वाटतं तो येत नाही, असं असेल तर ती अट मोडते. तुमच्याकडे तसं आहे का, हे नर्सताई सांगू शकतील.

गट बदलतात त्याचं साधं कारण. आरमधलं के-मीन्स सुरुवातीचे मध्यबिंदू चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतं, आणि तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर एकदाच निवडतं. एन-स्टार्ट (किती वेळा नव्यानं सुरुवात करायची तो आकडा) ५० करा, बीज (चिठ्ठ्या दर वेळी त्याच निघाव्यात म्हणून द्यायचा आकडा) ठरवून ठेवा, बराचसा हलकल्लोळ थांबेल. पण तेवढ्यानं समाधान मानू नका. रुग्णांचे चिठ्ठीनं दोन अर्धे करा, दोन्हींत वेगवेगळे गट पाडा. एका अर्ध्यात ‘हंगामी’ गट येतो आणि दुसऱ्यात येत नाही, तर तो गट खरा धरू नका. आणखी एक कसोटी मला फार महत्त्वाची वाटते: प्रत्येक रुग्णाचे आठवडे आपापसात उलटसुलट करून पूर्ण काम परत चालवा. आता वेळेचा क्रम उरलाच नाही. तरीही तितकेच सुबक गट आले, तर आधीचे गट काळाबद्दल काहीच सांगत नव्हते, फक्त कमी-जास्त भेटी मोजत होते. के-मीन्सला चार मागितले की ते चार देतंच, डेटात एकही गट नसला तरी देतं.

चार की पाच? पीटर रूसेउ यांचं सिल्हूएट, म्हणजे प्रत्येक माणूस आपल्या गटात किती नीट बसतो ते सांगणारं माप, १९८७ पासून वापरात आहे, उणे १ ते १ मध्ये उत्तर देतं, ते दोनपासून सात गटांपर्यंत काढून पाहा. आकडा फार खाली असेल तर गटांच्या कडा धूसर आहेत असं अहवालात सरळ लिहा. दोन संख्यांमध्ये थोडकाच फरक असेल तर जी संख्या घेतल्यावर दवाखान्यात करायचं काम वेगळं होतं ती घ्या. ज्या दोन गटांसाठी तुम्ही एकच गोष्ट करणार आहात ते वेगळे ठेवून उपयोग नाही. जी माणसं तरीही इकडून तिकडे जात राहतात त्यांना कुठल्याच गटात कोंबू नका, ‘सीमेवरचे’ म्हणून वेगळी नोंद ठेवा.

नावं बदला, ही माझी विनंती नाही, आग्रह आहे. ‘बेफिकीर’ हा शब्द तुमच्या तक्त्यात कुठेही मोजलेला नव्हता. ‘हंगामी खंड’, ‘पहिल्या दोन महिन्यांत थांबलेले’, ‘सलग’, ‘तुरळक’ अशी दिसणाऱ्या गोष्टीची नावं द्या. एकदा ‘बेफिकीर’ हे नाव कागदावर चढलं की ते बाईंच्या कार्डावर जातं, मग काउंटरवरच्या बोलण्यात येतं, आणि सहा महिने कोपीत राहून, पहाटेपासून मोळ्या बांधून आलेल्या बाईला ते ऐकून घ्यावं लागतं. ती पुढच्या वेळी येईल का?

गट पडल्यावर प्रत्येक गटातले दहा-बारा रुग्ण निवडा आणि त्या गावच्या आशाताईंसोबत बसा. रुग्णाला जाब विचारायला नको, आधी आशाताईंनाच विचारा, “ही माणसं तुम्हाला माहीत आहेत, यांचं काय झालं?” त्या एका बैठकीत तुम्हाला वारलेले, दुबार नोंदलेले, लेकीकडे पुण्याला राहायला गेलेले आणि फडावर असलेले, बहुतेक सगळे कळतील. ते उत्तर पट्ट्यात भरा आणि गट पुन्हा पाडा. हे दोनदा करावं लागलं तरी चालेल. यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. नाव, गाव आणि आजार एका ओळीत असलेला कागद आहे तो. प्रत्येक आशाताईला फक्त तिच्या गावाची यादी, हातात.

साहेबांना काय सांगायचं याची तुम्हाला धास्ती वाटत असेल. त्यांना नकार देऊ नका, जास्त उपयोगी यादी द्या. ‘हंगामी खंड’ गटातली माणसं दसऱ्याआधी दवाखान्यात बोलावता येतात का, त्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतील का, सोबत औषधाचं नाव आणि डोस लिहिलेलं कार्ड देता येईल का, म्हणजे ते तिकडच्या केंद्रात दाखवता येईल, हे त्यांच्यापुढे ठेवा. साठा किती लागेल हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. तो आकडा तुमच्याकडे तयार असू द्या: गटातली माणसं, गुणिले रोजच्या गोळ्या, गुणिले दिवस. जे पहिल्या दोन महिन्यांतच थांबले त्यांच्यासाठी मात्र आशाताईंची घरभेट खरंच उपयोगाची आहे. बरं वाटायला लागलं म्हणून थांबवलं, गोळीनं पाय सुजले, खेप परवडली नाही, अशी कारणं तिथे निघतील. ती वहीत लिहून आणायला सांगा, पुढच्या वेळी तीच तुमची नवी स्थिती होईल.

टोळ्या निघायला किती आठवडे उरलेत ते मोजा आणि काम त्या तारखेला बांधा. सगळं जमलं नाही तर ट्रामाइनआर आणि मार्गरेषा दिवाळीनंतर करा. तारखा नीट लावणं, दुबार नोंदी काढणं आणि आशाताईंसोबतची बैठक एवढं मात्र दसऱ्याआधी झालं पाहिजे.